दहावा कोण होता, ते सांगतो

हायेम,

परवा शाळेत हजेरी घेत होतो. तुझ्या मातीनंतरचा माझा पहिलाच दिवस. चौथीच्या वर्गातलं शेवटचं नाव पुकारून झालं, मी टाक दौतीत बुडवला आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "हजर."

पोराचा आवाज नव्हता तो. मोठ्या माणसाचा होता, जरा घोगरा. मी मान वर केली. मागच्या बाकावर कोणी बसत नाही. पावसाळ्यात तिथे छप्पर गळतं म्हणून मीच तो रिकामा ठेवलाय. "कोण रे तो?" म्हणून ओरडलो. एरवी अशा वेळी निदान दोन कारटी तरी खिदळतात. परवा एकही हसलं नाही. सगळी मान वळवून त्या बाकाकडे बघत होती. मी वर्ग लवकर सोडला आणि बाहेर लिंबाखाली येऊन बसलो.

तू असतास तर म्हणाला असतास, "पित्त झालंय तुला, मास्तर. सुंठ घे." डोकं दुखो, पाय मुरगळो, सरकार बदलो, तुझं औषध एकच. पण हे पित्त नाही. अकरा वर्षं पोटात दाबून ठेवलेली गोष्ट आहे आणि ती आता वर आली आहे.

दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे, तुमच्या पंचांगातली ती तिथी आली की तू संध्याकाळी आमच्या ओट्यावर यायचास. टोपी मांडीवर ठेवायचास. इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारायचास, "मास्तर, त्या दिवशी तू मागच्या बाकावर होतास. माझ्या पाठीमागे कोण उभं होतं?" आणि मी दर वर्षी म्हणायचो, "कोणी नव्हतं."

खोटं बोलायचो मी, हायेम. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे हात मागे घेता येणार नाही.

तू नंदुरबार स्टेशनात मालबाबू म्हणून आलास तेव्हा तू कोण हेच कुणाला कळेना. नाव ऐकून कोणी म्हणे पारशी, कोणी म्हणे बोहरी. सुपडू हमालाने तर सरळ विचारलं होतं, "बाबूसाहेब, तुम्ही कोन्ता देवना शेत?" तू म्हणालास, "जो शनिवारी सुट्टी देतो आणि रेल्वे देत नाही, त्या." कोकणातला बेने इस्रायल, म्हणजे यहुदी, तू, तेल्याच्या घाण्यावर वाढलेला, आणि मी सारंगखेड्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, बापाच्या वेळेपासून ख्रिस्ती. आख्ख्या नंदुरबारात जुना करार वाचणारे आपण दोघंच भेटलो आणि पहिल्याच दिवशी भांडलो. तू म्हणालास, "तुमचं पुस्तक म्हणजे आमच्याच पुस्तकाला मागून जोडलेली पानं." मी म्हणालो, "मग तुम्ही प्रस्तावनेवरच थांबलात." त्या दिवसापासून आपलं जमलं.

मालधक्क्यावर मिरचीची पोती मोजताना मापाडी पहिल्या पोत्याला "एक" म्हणत नाही, "लाभ" म्हणतो, मग दोन, तीन. हे तुला फार आवडायचं. तू म्हणायचास, आमच्यातही माणसं आकड्याने मोजत नाहीत. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, नऊ असले तर चालत नाही, पण एक-दोन-तीन असं मोजायचं नाही. दहा शब्दांचं एक वचन आहे, ते म्हणायचं, माणसामागे एक शब्द. शेवटचा शब्द ज्याच्यावर पडतो तो दहावा. मी तुला चिडवायचो, "आणि शब्द उरला आणि माणूस नसला तर?" तू म्हणायचास, "तर थांबायचं. एलियाहू हन्नबी आहेच घोड्यावर फिरत." तुमचा तो कधी न मेलेला संदेष्टा. हे तू थट्टेत म्हणायचास की खरं, ते मला कधी कळलं नाही.

लढाई सुरू होण्याच्या चार वर्षं आधी आमच्या पाद्रीसाहेबांनी ती सफर काढली. मिशनमधले पाच जण, ते स्वतः आणि त्यांच्या मॅडम. आधी ज्याने आमचा पंथ काढला त्या धर्मसुधारकाचा देश, त्याची गावं, त्याची देवळं, त्याच देशातली जुनी यहुदी ठिकाणं, आणि परतताना यरुशलेम. पाद्रीसाहेब त्यांच्या त्या छापील मराठीत म्हणाले होते, "झाडाचे मूळ पाहिल्यावाचून फांदी समजत नाही." मुळावरचं वाचणारा कोणीतरी हवा होता. हिब्रू अक्षरं वाचता येणारा आणि आगगाड्यांच्या वेळापत्रकात न हरवणारा असा माणूस मला एकच माहीत होता. मीच तुझं नाव सुचवलं. हे मला आता फार लागतं.

यरुशलेमचं नाव ऐकून तू दोन दिवस आमच्याकडे फिरकला नाहीस. तिसऱ्या दिवशी आलास आणि म्हणालास, "माझ्या बापाने दर वल्हांडणाच्या सणाला म्हटलं, पुढच्या वर्षी यरुशलेमेत. त्याच्या बापाने म्हटलं. मी जातोय रे, मास्तर." मी तुला रडताना पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

बोटीवर पहिले चार दिवस मी ओकत होतो आणि तू माझ्या उशाशी बसून मला वेळापत्रक वाचून दाखवत होतास. माझ्या बायकोने, रुथने, दिलेली लाल तिखटाची डबी तू खिशातच ठेवायचास. तिकडच्या उकडलेल्या बटाट्यांवर ते तिखट भुरभुरलं की आम्ही पाचही मिशनवाले तुझ्या बाजूला सरकायचो. मॅडमनी एकदा चव घेतली आणि पाणी पाणी करत खोलीतून निघून गेल्या. पाद्रीसाहेबसुद्धा हसले होते. तेव्हा तुझ्यावर त्यांची मर्जी होती.

पण त्या देशात उतरल्यापासून मला काहीतरी खुपत होतं. गावं स्वच्छ, खिडक्यांत फुलं, आणि माणसं आपल्याकडे बघून लगेच नजर काढून घ्यायची. काही दुकानांच्या काचांवर रंगाने लिहिलेलं होतं. काय लिहिलंय विचारलं की आमचा तिथला वाटाड्या घड्याळ बघायचा. सुधारकाच्या देवळात पाद्रीसाहेब तासभर बोलले, आम्ही वह्या भरल्या. बाहेर आलो तर तू पायऱ्यांवर उभा होतास. तुला आत यायला कोणी नको म्हटलं नव्हतं. तू म्हणालास, "आत गार वाटलं, मास्तर." मला वाटलं हवेबद्दल बोलतोयस.

मग ते जुनं कब्रस्तान. दगड एकमेकांवर कललेले, शेवाळलेले. तू पुढे, आम्ही मागे. तू बोटाने अक्षरं पुसत नावं वाचत होतास आणि पाद्रीसाहेब लिहून घेत होते. एका दगडापाशी तू थांबलास. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणालास, "माझंच नाव आहे. बापाचंही तेच. हायेम बिन शेलोमो. तीनशे वर्षं झाली मला जाऊन." मी हसलो. तूही हसलास. पण त्या दिवशी तू आणखी एकही नाव मोठ्याने वाचलं नाहीस.

आणि दुसऱ्या दिवशी ते नदीकाठचं गाव.

पाद्रीसाहेब सगळ्यांना घेऊन टेकडीवरचं देऊळ बघायला गेले. तू म्हणालास, इथे खालच्या गल्लीत आमची मशीद आहे म्हणतात, मी बघून येतो. तुम्ही कोकणातले लोक प्रार्थनालयाला मशीदच म्हणता, याची मला तिथेही गंमत वाटली. मी तुझ्यासोबत आलो. दुपारचे तीन वाजले असतील, पण धुकं इतकं की दिवे लावावेसे वाटत होते. गल्लीत कोणी नव्हतं. दाराशी एक म्हातारा उभा होता, हातात किल्ली. त्याने तुझ्याकडे पाहिलं, तुझ्या तोंडून एक हिब्रू शब्द ऐकला आणि तुझा हात दोन्ही हातांनी धरला.

त्याला थोडं इंग्रजी येत होतं. त्याच्या बायकोचं वर्षश्राद्ध होतं त्या दिवशी. तिच्यासाठी कद्दीश, मेलेल्यांच्या नावाची प्रार्थना, म्हणायची होती आणि कद्दीशला दहा हवेत. एके काळी आत उभं राहायला जागा नसायची, आता कोणी गेले, कोणी जायच्या तयारीत. आत सात म्हातारे बसले होते. तो आठवा. तू नववा. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

तू मान हलवलीस. स्पष्ट म्हणालास, "नो. ही इज नॉट." मी ऐकलं ते, हायेम. माझ्या या कानांनी ऐकलं. म्हाताऱ्याने मला हाताने बसायची खूण केली, सगळ्यात मागे, भिंतीला लागून. मी डोक्याला रुमाल बांधला आणि बसलो. बाहेर काहीतरी दारावर आपटलं, दगड असावा, पोरांच्या हसण्याचा आवाज आला. म्हाताऱ्याने आतून अडसर घातला. आपल्याकडच्या गढीच्या दाराला असतो तसा जाड लाकडी अडसर होता तो. मग सगळे वाट बघत बसले. कशाची ते मला कळेना.

यापुढचं तुला अर्धंच माहीत आहे. तू पुढे तोंड करून उभा होतास. म्हातारा तुमच्याकडे वळला आणि ते वचन म्हणू लागला, माणसामागे एक शब्द. नवव्या शब्दाला तुझ्यावर बोट आलं. तू मला नंतर म्हणालास की दहावा शब्द तुला ऐकू आला आणि लगेच प्रार्थना सुरू झाली. प्रत्येक कडव्याला "आमेन" म्हणताना तुला नऊ आवाज ओळखीचे लागले आणि दहावा तुझ्या पाठीमागून. तू वळला नाहीस. कद्दीश चालू असताना वळायचं नसतं.

संध्याकाळी खानावळीत पाद्रीसाहेबांनी आपण कुठे होतो ते विचारलं आणि तू भोळ्यासारखं सगळं सांगून टाकलंस. त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "दहा कसे झाले? मास्तर, तुम्हांला त्यांत मोजले काय?"

तुला ठाऊक होतं का मी कोणत्या फासात होतो? आमची मुलगी मार्था तापाने फणफणली होती तेव्हा माझ्या आईने सारंगखेड्याहून भगत आणला होता, उतारा टाकला होता. ते मिशनच्या कानावर गेलं. पाद्रीसाहेबांनी मला उभं करून सांगितलं होतं, भुताखेतांची गोष्ट पुन्हा तुमच्या तोंडून ऐकली तर शाळा विसरा. मी जे पाहिलं होतं ते त्या टेबलावर बोललो असतो तर मी शाळेतून गेलो असतो, राहतं घर गेलं असतं. मी म्हणालो, "तिथे नऊच होते, साहेब. आणि मी."

"म्हणजे यांनी तुम्हांला दहावे केले."

तू म्हणालास, "मी नाही म्हणून सांगितलं होतं. मास्तर, सांग ना यांना. तू मागे होतास. कोण होतं?"

मी बटाटा सोलत होतो. म्हणालो, "कोणी नव्हतं."

एवढंच. एका ख्रिस्ती माणसाला फसवून यहुदी विधीत उभं केलं आणि एका दुःखी म्हाताऱ्यालाही फसवलं, असं तुझ्या नावावर लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाद्रीसाहेबांनी तुला बंदराकडे जाणाऱ्या गाडीत बसवलं. तू एकटा बोटीने मुंबईला परतलास. यरुशलेम आम्ही पाहिलं. मी तिथल्या भिंतीपाशी उभा राहिलो आणि मला तुझा बाप आठवला, ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं. तिथली चिमूटभर माती पुडीत बांधून तुला आणली. तू ती कपाळाला लावलीस आणि मला म्हणालास, "बस, चहा घे." रागावला असतास तर बरं झालं असतं. तुझ्यासारख्या भांडखोर माणसाने त्या वेळी भांडायला हवं होतं, आणि त्याबद्दल मी तुझ्यावर आजही चिडलो आहे.

त्यानंतर तू फक्त विचारत राहिलास. वर्षातून एकदा. मला आधी वाटलं, तुला मला दोषी ठरवायचंय. नंतर वाटलं, हट्ट आहे. रुथला पहिल्या वर्षीच कळलं होतं. तू ओट्यावरून उठून गेलास की ती दारात यायची. "भाऊनी आज बी काही खादं नई. मी कळनानी भाकर करी व्हती. कसाले उपास करतस त्या?" मी म्हणायचो, त्यांच्यात उपास पुष्कळ. ती माझ्याकडे बघत राहायची. एकदा म्हणाली, "तुम्ही दखं व्हतं. मी तुमनं तोंड वळखस. सांगी टाका ना भाऊले." मी तिच्यावर खेकसलो. पाद्रीसाहेब तर तेव्हा कधीच मायदेशी गेले होते. शाळेतून मला काढणारं कोणी उरलं नव्हतं. तरी मी बोललो नाही. खोटं जुनं झालं की त्याला हात लावायची भीती वाटते, त्याच्याखाली काय निघेल सांगता येत नाही.

लढाई संपली आणि वर्तमानपत्रांत ते सगळं येऊ लागलं. तू त्या म्हाताऱ्याला घातलेली पत्रं परत आली होती, शिक्के मारून. एका दुपारी मालधक्क्यावर तू पोत्यावर बसला होतास, पेपर मांडीवर. चेहऱ्यावर मिरचीची लाल धूळ आणि त्यातून ओघळ. म्हणालास, "मास्तर, त्या गावात आता आमचा एकही नाही. सात म्हातारे होते, आठवतात? आता त्यांच्यासाठी कोण म्हणणार? निदान त्या बाईची प्रार्थना तरी खरी झाली असेल ना रे?" मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तोंड उघडलं असतं तर तेव्हा उघडायला हवं होतं. सुपडू पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि ती वेळ गेली.

यंदा तुला ताप होता. मीच तुझ्याकडे आलो. तुझा मुलगा दानियेल मुंबईहून आला होता, तुझ्या पायांशी बसला होता. तुझे ओठ फुटले होते. तू विचारलंस, पण या वेळी निराळ्या रीतीने. "मास्तर, नव्हतं ना कोणी? नसेल तर तसं सांग. मी रागावणार नाही." आणि मी, हायेम, मी नव्हतं म्हणून मान हलवली. तू डोळे मिटलेस. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास.

ख्रिस्ती कब्रस्तानाच्या कुंपणाबाहेर, रुळांच्या बाजूला तुझ्यासाठी जागा मिळाली. भुसावळहून पाच, सुरतेहून तीन, असे आठ जण तारा मिळताच आले. दानियेल नववा. व्याऱ्याचा एक तारबाबू येणार होता. गाडी आली, शिट्टी झाली, गेली. कोणी उतरलं नाही. पलीकडे वाळत घातलेल्या मिरचीची पथारी पडलेली, शेतभर लाल, वारा सुटला की सगळ्यांना ठसका लागायचा. मी कुंपणाच्या अलीकडे उभा होतो. सुपडू माझ्या कानाशी म्हणाला, "मास्तर, एकच माणूस कमी पडी ऱ्हायना ना? मी उभा ऱ्हास. मी बी माणूसच शे." मी त्याला गप्प केलं. मग मीही तेच विचारायला दानियेलपाशी गेलो. त्याने नको म्हटलं. समजुतीने म्हटलं, पण नको.

मग त्यांच्यातल्या एकाने ते वचन म्हटलं, माणसामागे एक शब्द. नऊ शब्द झाले आणि तो थांबला. सगळे थांबले. आणि मी काय केलं ठाऊक आहे? मी वळून मागे बघितलं. रुळांकडे, पथारीकडे, रस्त्याकडे. अकरा वर्षं ज्याला मी नाकारलं त्याची मी वाट बघत होतो. वारा पडला होता. एकही पाखरू ओरडत नव्हतं. मी पुन्हा वळलो, पुन्हा वळलो. सूर्य खाली गेला. कोणी आलं नाही. दानियेलने डोळे पुसले आणि म्हणाला, मुंबईला जाऊन म्हणेन.

लोक पांगल्यावर मी त्याला म्हटलं, "ताप होता तर डॉक्टरने काही दिलं नाही का बाबांना?"

तो म्हणाला, "दिलं होतं. पेज द्या, पाणी पाजत राहा म्हणाले होते. पण तो दिवस होता ना. बाबा त्या दिवशी अन्नपाण्याला शिवत नसत. मी पाया पडलो, तरी घोट घेतला नाही."

"कसला दिवस?"

"तुम्हांला ठाऊक नाही, मास्तरकाका?" तो माझ्याकडे बघत राहिला. "तिकडच्या त्या म्हातारीचा. ते म्हणायचे, माझ्यामुळे तिची प्रार्थना खोटी पडली असेल तर तिचा दिवस मी पाळीन. अकरा वर्षं पाळला."

मी तिथेच मातीच्या ढिगावर बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग उठला, कपडे झटकले आणि म्हणाला, "हे मला कशाला सांगता? त्यांना सांगा."

म्हणून सांगतो.

अडसर आतून घातलेला होता. दुसरं दार नव्हतं, मी पाहिलं होतं. म्हाताऱ्याचं बोट नवव्या शब्दाला तुझ्यावर आलं आणि तो थांबला. त्याच वेळी माझ्या मानेला गारवा लागला आणि वास आला. ओल्या लोकरीचा आणि घोड्याच्या घामाचा. मी सारंगखेड्याचा आहे, हायेम. यात्रेत घोड्यांच्या पायांत लहानाचा मोठा झालो. तो वास मी कुठेही ओळखीन. मी वळून पाहिलं. भिंत आणि माझा बाक यांच्यामध्ये हातभरही जागा नव्हती आणि तिथे एक माणूस उभा होता.

उंच होता. अंगावर लांब अंगरखा, खालून भिजलेला. पायांवर धूळ होती, त्या गावात सगळीकडे चिखल असताना. त्याचा चेहरा मला आठवत नाही. आठवायला गेलो की भिंत दिसते. पण त्याचा हात आठवतो, कारण त्याने तो माझ्या बाकाच्या पाठीवर ठेवला होता. म्हाताऱ्याचं बोट माझ्या डोक्यावरून त्याच्याकडे गेलं, दहावा शब्द त्याच्यावर पडला. म्हातारा दचकला नाही. त्याने मान लववली आणि सुरू केलं.

तू ऐकलेला आवाज त्याचाच होता. तो शेवटपर्यंत थांबला. प्रत्येक आमेन त्याने म्हटलं, आणि शेवटच्या आमेनला माझ्या बोटांखालचं लाकूड थरथरलं. मी मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी उठलो. माझ्यामागे कोणी नव्हतं. बाकाच्या पाठीवर ओला पंजा उमटला होता आणि बघता बघता सुकत होता. बाहेर गल्लीत तू म्हाताऱ्याचा निरोप घेत होतास. तिथे घोडा नव्हता. दगडांवर ताजी लीद पडलेली होती, वाफ निघत होती. त्यावर पाय पडू नये म्हणून मी तुझा दंड धरून तुला बाजूला ओढलं. तू म्हणालास, "काय रे?" मी म्हणालो, "काही नाही, चल."

दहा होते, हायेम. तू कोणाला फसवलं नाहीस. त्या बाईची प्रार्थना पोचली.

रुथने आज भाकरी केली आहे आणि तुझं ताट ओट्यावर मांडलं आहे, वर पाण्याचा तांब्या. मिशनच्या मास्तराच्या घरी हे शोभत नाही, पण आता मला कोण बोलणार. तुझा उपास संपला रे. आधी पाणी पी, मग जेव.